खड्याला मुंग्या

आजारांनाही प्रतिष्ठा असते. हृदयाचा त्रास आहे म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणतो आणि खुर्ची पुढे करतो. रक्तदाब म्हटलं की निदान मान तरी डोलावतो. पण 'मला मुतखडा झालाय' असं एकदा सांगून पाहा, ऐकणाऱ्याच्या ओठाचा एक कोपरा हलल्याशिवाय राहत नाही. म्हणून मी पहिल्यापासून 'मूत्रपिंडाचा विकार' असंच म्हणायचं ठरवलं होतं. तो विकार आमच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत जेमतेम टिकला. समोरच्या काकूंनी दार किलकिलं करून "खडा केवढा?" असं विचारलं आणि विषय तिथेच उघडा पडला.

दुखणं कसं होतं ते सांगत बसत नाही. ज्यांना झालंय त्यांना सांगावं लागत नाही, आणि ज्यांना झालं नाही ते लगेच स्वतःच्या दाढदुखीवर येतात. एवढंच सांगतो, की पाणीपुरवठा विभागाच्या कचेरीत मी माझ्याच टेबलाखाली रांगताना सापडलो. समोर एक गृहस्थ नळाची तक्रार घेऊन उभे होते. त्यांनीच मला उचलून आपल्या गाडीत घातलं, आणि मी कण्हत असताना वाटेतल्या वाटेत त्यांनी तक्रार मार्गी लावण्याचं वचनही घेतलं. त्या अवस्थेत मी त्यांना अख्खं धरण द्यायला तयार होतो.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. खडा लहान आहे, आपला आपण पडू शकेल, भरपूर पाणी प्या, वरून घातलेली साखर कमी करा आणि महिन्याभराने या, असं ते म्हणाले. नाही पडला तर काढू. हे 'काढू' त्यांनी कपाटातून फाईल काढावी इतक्या सहज उच्चारलं. मी विचारलं, कुठून काढणार? त्यांनी कागद ओढून चित्र काढून दाखवलं. दुर्बिणीची ती नळी ज्या मार्गाने आत शिरणार होती, तो मार्ग मी आजवर एकेरी वाहतुकीचा समजत होतो. त्या क्षणापासून माझ्या आयुष्याला एकच ध्येय उरलं: महिन्याच्या आत खडा पडला पाहिजे.

साखरेचा आणि खड्याचा संबंध काय, हेही डॉक्टर सांगत होते. पण माझी नजर त्या चित्रावर खिळली होती. साखर जास्त खाणाऱ्यांत खडे जास्त आढळतात, एवढं कानावर पडलं. उरलेलं मी घरी येऊन स्वतःच्या बुद्धीने पूर्ण केलं, आणि घात तिथेच झाला. मी असा विचार केला की मूत्रपिंड म्हणजे शेवटी गाळणी. माणूस साखर खातो, तिचा पाक होतो, पाक गाळणीत साचतो, आळतो आणि त्याचा खडा बनतो. चहाच्या न धुतलेल्या कपाच्या तळाशी वाळलेली साखर दाखवून मी हा सिद्धांत बायकोला समजावून दिला. तो तिला पटला. मग इमारतीला पटला. चुकीची गोष्ट पटवायला वेळ लागत नाही, हा माझा कचेरीतला जुना अनुभव आहे.

त्याच संध्याकाळी मी घरात साखरबंदी पुकारली. "अहो, खडा तुम्हाला झालाय, घराला नाही," असं बायको म्हणाली. पण डोळ्यांसमोर डबा असला की मन चळतं, या मुद्द्यावर मी ठाम राहिलो आणि डबा समोरच्या काकूंकडे ठेवायला दिला.

आता सासरेबुवांबद्दल सांगायला हवं. बायकोचे वडील, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. माणूस इतका भिडस्त, की मुलीच्या घरी राहतो म्हणजे जावयावर भार टाकतो, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलेलं. पंखा बंद असला तर घाम पुसत बसतील, पण बटण दाबणार नाहीत. त्यांना शौक असा एकच होता, चहात चार चमचे साखर. साखरबंदी जाहीर झाली तेव्हा ते म्हणाले, "उत्तम केलंत जावईबापू, आरोग्याला चांगलंच." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे मिटून तो बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरवला. मला वाटलं, चिंतन करताहेत.

खडा झाला की माणसाला दोन गोष्टी विनामूल्य मिळतात: सहानुभूती आणि सल्ला. पैकी सल्ला घरपोच येतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त उपसंचालक राहतात. ते कशाचे उपसंचालक होते हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांच्या मते साधं पाणी खड्याच्या अंगावरून नुसतं वाहून जातं. खडा विरघळायला आंबट हवं. त्यांनी लिंबाच्या सरबताचा जग पाठवायला सुरुवात केली. समोरच्या काकूंना हे कळल्यावर त्यांनी बार्लीचं पाणी सुरू केलं. दोन्हींची चव घेऊन मी चाचरत विचारलं, की यात साखर आहे वाटतं? उपसंचालक म्हणाले, औषधातली साखर धरत नाहीत. काकू म्हणाल्या, अहो, साखरेशिवाय घशाखाली उतरेल का ते? काकूंकडे तर साखरेची चंगळच होती, आमचा डबा त्यांच्याकडेच होता.

'औषधातली साखर धरत नाहीत' हे वाक्य मला फार आवडलं. कचेरीत आमचे काही खर्च असेच 'धरत नाहीत.' त्यामुळे मी चहा कडू प्यायचो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोड जग रिकामे करायचो. कचेरीतल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की शीतपेयाच्या वायूने खडा पुढे ढकलला जातो. त्याच्या शब्दाला मान देऊन दुपारी दोन बाटल्याही सुरू झाल्या. पंधरवड्यात पँटचा हुक लागेना. बायकोने शंका काढली तेव्हा मी तिला समजावलं, की हे पाण्याचं वजन आहे.

एवढं सगळं प्यायचं म्हणजे पुढची व्यवस्था आलीच. पाणीपुरवठा विभागाच्या कर्मचारी स्वच्छतागृहात पाणी येत नाही, ही गोष्ट आम्ही बाहेर बोलत नाही. अधिकाऱ्यांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, आणि किल्ली हेडक्लार्कच्या खणात. मी रीतसर अर्ज केला. तो शेरा मारून परत आला: 'किती काळासाठी?' मी लिहिलं, 'खडा पडेपर्यंत.' तो पुन्हा परत आला: 'खडा पडल्याचा पुरावा जोडावा.' खडा पडला असता तर मला किल्ली कशाला लागली असती, हे मी हेडक्लार्कना तोंडी समजावलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ते खरं असेल, पण फाईलवर तसं दिसत नाही. शेवटी किल्ली मिळाली ती माझ्या युक्तिवादामुळे नाही. बोलता बोलता मी ज्या तऱ्हेने एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो, ते पाहून त्यांना त्यांच्या खोलीच्या फरशीची काळजी वाटली.

आणि ती गाळणी. खडा पडला तर तो तपासायला हवा, म्हणून दर खेपेला गाळणी वापरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी एक घरी आणि एक कचेरीत अशा दोन नव्या कोऱ्या गाळण्या आणल्या. कचेरीतली गाळणी मी स्वच्छतागृहाच्या खिडकीत धुऊन ठेवायचो. एक दिवस ती दिसेना. शोधत शोधत साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो तर आमचा शिपाई साहेबांसाठी चहा गाळत होता. नवी गाळणी मिळाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. साहेबांनी घोट घेतला आणि आज चहाला जरा चव आहे म्हणाले. अशा वेळी सत्य सांगणारा माणूस थोर असतो. मी तिसरी गाळणी आणली आणि कचेरीतला चहा कायमचा सोडला.

एवढं करून दिवस सरत चालले आणि खड्याचा पत्ता नव्हता. माझा धीर सुटायला लागला. कुठेही नळी दिसली की डॉक्टरांचं ते चित्र आठवायचं, आणि आमचं खातंच नळ्यांचं. कुणी नव्या जोडणीचा नकाशा टेबलावर पसरला की मी तोंड फिरवायचो. जेवण कमी झालं, झोप उडाली. जेवताना बायको काही बोलली तरी मी फक्त 'हूं' म्हणायचो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती, आणि एवढ्याशा खड्याची भीती वाटते हे सांगायची लाजही वाटत होती. सासरेबुवा ताटावरून माझ्याकडे पाहायचे आणि पुन्हा मान खाली घालायचे.

डॉक्टरांकडे जायचा दिवस अगदी तोंडावर आला होता. त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मी गाळणी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली, चष्मा आणायला खोलीत गेलो, परत येऊन गाळणी उजेडात धरली. जाळीवर खडा होता. तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढा, एका बाजूने टोकदार. बोटाला किंचित चिकट लागला, पण इतक्या आतून आलेल्या वस्तूकडून मी याहून स्वच्छतेची अपेक्षा केली नव्हती.

मी हाक मारली तशी बायको धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काही दुखलं कसं नाही, असं तिने विचारलं. वरून उतरलेल्या उपसंचालकांनी परस्पर उत्तर दिलं, की सरबताने वाट गुळगुळीत झाली होती. काकूंनी ते श्रेय बार्लीला दिलं. दोघांची चांगलीच जुंपली आणि मी दोघांचे आभार मानत मध्ये उभा राहिलो. बायकोने कानातल्याच्या डबीत कापूस घालून त्यावर खडा ठेवला आणि डबी दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये गेली. साखरेचा डबा काकूंकडून परत आला, तोही बराच हलका होऊन. सगळ्यांसाठी गोड चहा झाला. सासरेबुवांनी दोन कप घेतले. त्यांना मी इतकं प्रसन्न कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जावयाच्या सुखात सुख मानणारा माणूस विरळाच.

दुसऱ्या दिवशी इमारतीतली मंडळी खडा पाहायला येऊन गेली. मी प्रत्येकाला माझा सिद्धांत पहिल्यापासून ऐकवला. त्यानंतरच्या सकाळी बायकोने मला शोकेसपाशी बोलावलं. भिंतीवरून, शोकेसच्या पायावरून, काचेच्या फटीतून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग डबीत शिरत होती. खड्याभोवती तर सभाच भरली होती.

कुणाही शहाण्या माणसाच्या मनात या वेळी शंका आली असती. मला अत्यानंद झाला. खडा साखरेचा असतो हे मी महिनाभर सांगत होतो, आता मुंग्या सांगत होत्या. हातच्या कंकणाला आरसा कशाला? उपसंचालकांनी खाली येऊन मुंग्या पाहिल्या आणि हे वैद्यकशास्त्रापुढे गेलंच पाहिजे असा अभिप्राय दिला. मी मुंग्यांसकट डबी बंद केली आणि कपडे चढवले. डॉक्टरांनी बोलावलेला दिवसही तोच होता.

सासरेबुवा दारात आडवे आले. खडा पडला म्हणजे काम झालं, उगाच डॉक्टरांना त्रास कशाला, असं ते म्हणू लागले. त्यांनी आजवर मला कशाला विरोध केल्याचं आठवत नव्हतं. मी निघालोच असं पाहून त्यांनी टोपी घातली आणि आम्हा नवराबायकोबरोबर तेही निघाले.

डॉक्टरांसमोर मी डबी उघडली आणि थोडा मागे सरलो. अशा प्रसंगी माणसाला बघायला जागा द्यावी. डॉक्टरांनी आधी मुंग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सिद्धांत सांगितला. गाळणी, पाक, आळणं, सगळं. त्यांनी तो पुरता ऐकून घेतला. मग चिमट्याने खडा उचलला, दोन मुंग्या झटकल्या आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात सोडला. आम्ही चौघं ग्लासाकडे पाहत राहिलो. खडा तळाशी गेला, बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि दिसेनासा झाला.

"हा खडा साखरेचाच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तो तुमच्या पोटातून आलेला नाही, डब्यातून आलाय."

मग त्यांनी सावकाश समजावलं. साखर मूत्रपिंडात जाऊन गोठत वगैरे नाही. खडे बहुतेक वेळा कॅल्शियमचे असतात. वरून घातलेली साखर फार खाणाऱ्यांत खडे जास्त आढळतात, हे पाहणीत दिसलंय. ते नेमकं का, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. साखरेमुळे लघवीतून कॅल्शियम जास्त बाहेर पडतं, हे एक कारण असावं. म्हणून साखर कमी करायची आणि पाणी साधं प्यायचं. मी काय काय पितो ते त्यांनी विचारलं. मी जग आणि बाटल्या सांगितल्या. औषधातली साखर धरत नाहीत, हेही सांगितलं.

"शरीर धरतं," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा सोनोग्राफी झाली. खडा जिथल्या तिथे होता. नाही म्हणायला थोडा खाली सरकला होता, पण होता. मी खुर्चीवर बसलो तो उठेना. बायको गाळणीकडे कोण कोण जातं याचा हिशोब मनात मांडत होती. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मी ठेवला तो," सासरेबुवा म्हणाले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती. "देवापुढच्या खडीसाखरेचा तुकडा कानशीने घासला आणि चहाच्या पाण्यात रंगवला. जावईबापू, तुमचं जेवण तुटलं होतं. माणूस भीतीनेच खचेल असं वाटलं. म्हटलं, खडा पडला असं एकदा वाटलं की झोप लागेल, आणि झोप लागली की खराही पडेल. आणि खोटं कशाला बोलू, साखरही सुरू होईल म्हटलं. महिनाभर तो चहा घशाखाली उतरत नव्हता."

बायको म्हणाली, "बाबा, मागायची होतीत ना साखर."

"जावयाच्या घरी?" ते म्हणाले.

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी मला आणखी काही आठवडे दिले आणि त्यानंतर मात्र काढावाच लागेल म्हणून बजावलं.

परतीच्या वाटेवर मी दोघांच्या चार पावलं पुढे चालत होतो. माझा राग खड्यावर नव्हता. महिनाभर जमवलेल्या इभ्रतीला मुंग्या लागल्या होत्या. इमारतीत शिरताच काकूंनी विचारलं आणि बायकोने खरं ते सांगून टाकलं. काकू आत गेल्या आणि दार लावून इतक्या हसल्या की जिन्यात ऐकू आलं. कचेरीत तर हेडक्लार्कनी किल्ली परत मागितली, कारण मी उत्साहाच्या भरात खडा पडल्याचं लेखी कळवलं होतं. खडा परत आत आहे, असं कळवायला अर्जाचा नमुना नव्हता.

संध्याकाळी घरी आलो तर सासरेबुवांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. काही दिवस धाकट्या भावाकडे जाऊन येतो म्हणाले. मी पिशवी पाहिली, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला दोन वर्षांत आपण एकदाही काय हवं ते विचारलं नाही, हे मला लख्ख दिसलं. मी पंखा लावला, पिशवी आत नेऊन ठेवली आणि चहा टाकायला सांगितलं. त्यांच्या कपात मीच साखर घालायला लागलो. तिसऱ्या चमच्याला त्यांनी हात धरला. "दोन पुरे," ते म्हणाले. "तुमच्यासाठी नाही हो. त्या डॉक्टरांचं बोलणं मीही ऐकत होतो."

त्यानंतर आमच्या घरी साध्या पाण्याचं राज्य आलं. उपसंचालकांना मी सांगितलं की लिंबू पाठवा, सरबत नको. ते चार दिवस बोलले नाहीत, मग लिंबं पाठवू लागले. मी पाण्यात लिंबू पिळून प्यायचो. सासरेबुवा समोर बसून माझ्याबरोबर एकेक ग्लास साधं पाणी प्यायचे, आणि कधी नव्हे ते गप्पा मारायचे. भीती गेली नव्हती, पण ती आता दोघांत वाटली जात होती.

आणि एका रविवारी सकाळी मला कळ आली. पहिलीसारखीच, किंबहुना काकणभर सरसच. मी भिंतीला डोकं टेकून आतल्या आत सगळ्या नातेवाइकांची क्षमा मागितली. मग जाळीवर टक्‌ असा आवाज झाला आणि जगातली सगळी दुःखं एकदम संपली.

मी गाळणी घेऊन बाहेर आलो आणि खडा पडल्याचं सांगितलं. कुणीही जागचं हललं नाही. बायकोने सरळ बाबांकडे पाहिलं. काकूंनी दारातूनच मुंग्या आल्या का विचारलं. उपसंचालक जिन्यातून डोकावले आणि पाण्यात टाकून बघा म्हणाले. बायको म्हणाली, कपाटात खडीसाखर आहे ती मोजते. घामाने निथळत, हातात गाळणी घेऊन मी उभा होतो, आणि या खऱ्या खड्याला विचारणारं कुणी नव्हतं.

तेव्हा सासरेबुवा उठले. घड्याळं पाहायचं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं, चिमट्याने खडा उचलून उजेडात धरला आणि चहूबाजूंनी फिरवून पाहिला. माझी नळी टळली की नाही हे त्या एका डोळ्यावर होतं. बराच वेळ पाहून त्यांनी भिंग काढलं.

"हा माझा नव्हे," ते म्हणाले. "इतकं ओबडधोबड काम माझ्या हातून होणार नाही."